वारं गेल्यावर

१९२७ च्या मार्चमध्ये कोल्हापूर-निपाणी भागाच्या दौऱ्यावर असताना गांधीजी कोसळले. खादीसाठी अखंड प्रवास, रोजची भाषणं, अपुरी झोप. रक्तदाब भलताच चढला होता आणि पक्षाघाताचा सौम्य झटका असावा अशी शंका घेतली गेली. पुढचे कितीतरी आठवडे सक्तीची विश्रांती झाली, आधी आंबोलीला, मग म्हैसूर संस्थानातल्या नंदी दुर्गावर. त्या वर्षीच्या त्यांच्या पत्रव्यवहारात लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांना लिहिलेली पत्रं आहेत. प्रकृतीचा तपशील कळवायचा आणि आसनांबद्दल विचारायचं, असा त्यांचा सूर. म्हणजे डॉक्टर एका बाजूला, आहाराचे स्वतःचे प्रयोग दुसऱ्या बाजूला आणि टपालाने येणारा योगोपचार तिसऱ्या बाजूला. सगळ्यांचं ऐकून कुणाचं किती घ्यायचं हे रुग्णानेच ठरवलं. रुग्ण गांधी होते आणि हाताशी महादेवभाई देसाईंसारखा चिटणीस होता, म्हणून ते निभलं.

आता समजा, नाणे मावळातल्या एखाद्या वाडीतला साठीचा शेतकरी आहे. पहाटे उठताना उजवा हात उचलेना, तोंड वाकडं झालं, बोलायला गेला तर नुसताच आवाज. घरातले म्हणतात, अंगावरून वारं गेलं. कुणी तेल कोमट करायला घेतं, कुणी कबुतराचं रक्त चोळणाऱ्या माणसाचा पत्ता काढतं, शहाणा पुतण्या १०८ ला फोन लावतो. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच. वाडीतून कामशेत, कामशेतहून तळेगाव किंवा पिंपरी. त्यात शनिवार-रविवार असला आणि पावसाळा असला, तर भुशी धरणाच्या वाटेवरची पर्यटकांची गर्दी जुन्या रस्त्यावर उतरलेली असते. या धावपळीवर बरंच लिहून झालंय आणि ते लिहायलाच हवं होतं. पण गाठ विरघळो न विरघळो, आठ-दहा दिवसांनी हा माणूस घरी येतो. त्याच्यासोबत येते ती गोळ्यांची पिशवी, नाकातली नळी आणि ‘फिजिओथेरपी चालू ठेवा’ ही डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ. खरा आजार तिथून सुरू होतो. या लेखाचा विषय आहे तो त्या एका ओळीच्या पुढचा.

पक्षाघाताच्या पुनर्वसनाला माणसं किती लागतात ते आधी पाहू. न्यूरोलॉजिस्ट किंवा फिजिशियन, नर्स, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, समाजसेवक आणि पायाची पट्टी किंवा स्प्लिंट बनवणारा कारागीर-तंत्रज्ञ. यातल्या दोघांची गल्लत नेहमी होते. ढोबळमानाने, फिजिओथेरपिस्ट रुग्णाला उभं करतो, चालवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याला सदऱ्याची गुंडी लावायला, भाकरी मोडायला, संडासला बसून उठायला पुन्हा शिकवतो. स्पीच थेरपिस्ट फक्त बोलणं शिकवतो असा आपला समज, पण पहिल्या आठवड्यात त्याचं मोठं काम असतं गिळणं तपासण्याचं.

या व्यवसायांचा महाराष्ट्रातला जन्म मोठा गमतीदार आहे. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० मध्ये त्यांनी परळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. (फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेला नाव आहे ते याच बाईंचं.) तीनच वर्षांनी, १९५३ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्येच फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आली. १९६६ मध्ये मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात वाचा आणि श्रवण उपचारांचं शिक्षण उभं राहिलं. सोळा वर्षांत, काही किलोमीटरच्या परिघात, पक्षाघाताच्या रुग्णाला लागणारी जवळजवळ सगळी विद्या मुंबईत आली. पण ती वेगवेगळ्या इमारतींत आली, आणि पुढे कागदावरही वेगळीच राहिली. डॉक्टरांची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीची राज्याच्या एका संयुक्त परिषदेकडे. स्पीच थेरपिस्टची १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे. योगोपचार आयुष मंत्रालयाच्या छत्राखाली. २०२१ मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला खरा, पण कायद्याने माणसं एका खोलीत बसत नाहीत.

आणि एका खोलीत बसणं हाच इथे उपचार आहे. हे भावनेच्या भरात लिहिलेलं वाक्य नाही, त्यामागे आकडे आहेत. पक्षाघाताच्या रुग्णांना सर्वसाधारण वॉर्डात विखरून ठेवायचं, की एका स्वतंत्र कक्षात ठेवून सगळ्या शाखांच्या लोकांनी नियमित बैठक घेऊन त्यांच्यावर एकत्र काम करायचं, याची तुलना गेली अनेक दशकं चालली आहे. ग्लासगोचे पीटर लँगहॉर्न आणि त्यांचे सहकारी ती १९९३ पासून मांडत आले. चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात अशा २९ चाचण्या आणि ५,९०२ रुग्ण होते. निष्कर्ष असा, की संघटित कक्षात उपचार घेणाऱ्या दर शंभर रुग्णांमागे दोन जण जास्त जगतात, सहा जण जास्त घरी राहू शकतात आणि सहा जण जास्त स्वावलंबी होतात. शंभरात सहा हा आकडा लहान वाटेल. पण गाठ विरघळवणारं इंजेक्शन वेळेत पोचलेल्या थोड्यांनाच मिळतं, तर बैठकीचा लाभ उशिरा आलेल्याला, रक्तस्राव झालेल्याला, ऐंशीच्या आजीलाही मिळतो. शिवाय त्यात नवं औषध नाही की नवं यंत्र नाही.

बैठकीत होतं तरी काय? जिथे ती होते तिथे साधारण आठवड्यातून एकदा सगळे जमतात आणि एकेका रुग्णावर काही मिनिटं बोलतात. फिजिओथेरपिस्ट तक्रार करते, की अमुक बाबा दुपारच्या सत्रात सहकार्य करत नाहीत, पेंगतात. नर्स म्हणते, दुपारची ती स्नायू सैल करणारी गोळी मी बाराला देते, त्यानंतर ते असेच असतात. डॉक्टर गोळीची वेळ किंवा मात्रा बदलतात. तीन माणसांकडे एका माहितीचे तीन तुकडे होते, आणि ते जुळले नसते तर कागदावर ‘रुग्ण असहकार्य करतो’ एवढंच राहिलं असतं. पुढची रुग्ण एक आजी. ताटातली उजवीकडची भाजी-भाकरी खातात आणि डावीकडची तशीच टाकतात. सून म्हणते, नखरे. ऑक्युपेशनल थेरपिस्ट सांगते, मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डावीकडचं जग लक्षातच येत नाही. डोळे शाबूत असतात, दखल घेणारी यंत्रणा बंद पडलेली असते. मग फिजिओथेरपिस्टला उमगतं, की या बाई वळताना दर वेळी डाव्या चौकटीवर का आपटतात. सगळ्यांनी मिळून ठरतं, की त्यांच्याशी बोलायचं, पाणी द्यायचं, ते मुद्दाम डावीकडून. तिसरे एक गृहस्थ कशातच रस घेत नाहीत. पक्षाघातानंतर तीनातल्या एकाला नैराश्य येतं हे मानसोपचारतज्ज्ञाला ठाऊक असतं. व्यायाम घेणाऱ्याला तो हट्टीपणा वाटलेला असतो.

गिळण्याचं तर असं आहे, की एका माणसाने पाळलेलं पथ्य दुसऱ्याने नकळत मोडलं तर जिवावर बेततं. अर्धा घसा लुळा असतो. पाणी, चहा, ताक असे पातळ पदार्थ झरकन घसरतात आणि श्वासनलिकेत जातात. कधी ठसका लागतो, कधी तोही लागत नाही. चार दिवसांनी ताप येतो, न्यूमोनिया निघतो. स्पीच थेरपिस्टने तपासून सांगितलेलं असतं, की घट्ट पेज, मऊ केलेला भात, बसवून, हनुवटी खाली घेऊन, छोट्या चमच्याने. संध्याकाळी भेटायला आलेले पाहुणे मायेने बशीतला चहा तोंडाला लावतात. सूचना खाटेशी, मोठ्या अक्षरात, मराठीत लावली आणि सगळ्यांनी तीच सांगितली, तरच ती पाळली जाते.

खांद्याचीही तीच गत. लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो, तो निखळायला आलेला असतो. अशा माणसाला उठवताना वॉर्डातले मामा आणि घरचे लोक त्याच हाताला धरून ओढतात. फिजिओथेरपिस्टने तासभर घेतलेली मेहनत एका हिसक्यात वाया जाते आणि दुखणारा खांदा पुढे महिनोन्महिने सगळा व्यायाम अडवून धरतो. मामांना बैठकीत कोण बोलावतं? बोलवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

उत्साहालाही लगाम लागतो. लवकरात लवकर उठवा, चालवा, असा एक काळ सूर होता. ५ देशांतल्या ५६ रुग्णालयांत २,१०४ रुग्णांवर झालेल्या ‘अॅव्हर्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पहिल्या चोवीस तासांत जोरदार उठबस करवलेल्यांची प्रगती तीन महिन्यांनी थोडी कमीच निघाली. म्हणजे सुरुवात लवकर करायची, पण थोडी थोडी. हे ठरवतानाही डॉक्टर, नर्स आणि फिजिओथेरपिस्ट एकमेकांशी बोलत असावे लागतात.

आता पुन्हा मावळात येऊ. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालं तर या विषयाशी नातं सांगणाऱ्या जागा ओळीने भेटतात. लोणावळ्यात १९२४ च्या दसऱ्याला कुवलयानंदांनी स्थापलेलं कैवल्यधाम. नौदलाचं ‘कस्तुरी’ रुग्णालय, अर्थात ते आयएनएस शिवाजीच्या परिवारासाठी. तळेगाव दाभाडेला १९९५ मध्ये सुरू झालेलं एमआयएमईआर वैद्यकीय महाविद्यालय, त्याचं डॉ. भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाचं रुग्णालय, आणि त्याच शिक्षणसमूहाचं फिजिओथेरपी महाविद्यालय. पुढे पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय. खडकीत १९७४ पासून पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र, जिथे डॉक्टर, परिचर्या, व्यायाम, खेळ आणि रोजगार हे सगळं एका आवारात नांदतं. पुणे-लोणावळा लोकलच्या पट्ट्यातच हे सगळं बसतं. साधनांचा दुष्काळ म्हणावा असा हा पट्टा नाही. दुष्काळ आहे तो या जागांमधल्या बोलण्याचा.

कैवल्यधामला या टेबलावर जागा आहे का, हा प्रश्न लोणावळ्यात कुणीतरी विचारतोच. माझं उत्तर ‘आहे’ असं आहे, पण अटींसह. पक्षाघातानंतरच्या योगोपचारावर कॉक्रेनने २०१७ मध्ये आढावा घेतला तेव्हा निकषांत बसणारे दोनच छोटे अभ्यास हाती लागले; त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. योगाने लकवा बरा होतो असं सांगणाऱ्यापासून चार हात दूर राहावं, आणि बीपीची गोळी सोडायला सांगणाऱ्यापासून चाळीस. शीर्षासनासारखं काही तर या रुग्णांच्या वाऱ्यालाही नको. पण श्वास संथ करणं, शवासन, खुर्चीत बसून सांध्यांच्या हालचाली, पडण्याची भीती घालवणं, हे काम चांगला योगशिक्षक करू शकतो, फिजिओथेरपिस्टच्या आखणीत बसवून. स्वतः कुवलयानंदांचा बाणा मोजून पाहण्याचा होता. ‘योगमीमांसा’ या त्रैमासिकातून त्यांनी नौली, उड्डियान यांत शरीराच्या आत दाब किती बदलतो याचे प्रयोग छापले. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतले संशोधक यंत्रं घेऊन लोणावळ्याला आले ते त्याच परंपरेमुळे. ज्या संस्थेने शंभर वर्षांपूर्वी योगाला मोजपट्टी लावली, तिने तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर बसून पक्षाघातानंतरचा योग मोजून पाहावा, यापेक्षा साजेसं काम मला सुचत नाही.

भजनी मंडळालाही बोलवा, असं म्हटलं तर डॉक्टर हसतील. हसू नये. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा होऊन वाचा गेलेला माणूस पाणी मागू शकत नाही, पण सवयीचं गाणं, वारांची नावं, आकडे, देवाचं नाव सलग म्हणून जातो, हे स्पीच थेरपिस्ट रोज पाहतात. सुरावर शब्द चढवून बोलणं परत आणायची पद्धत १९७३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी मांडली. सगळ्यांना तिचा उपयोग होत नाही. पण देहूपासून हाकेच्या अंतरावरच्या या तालुक्यात हरिपाठ तोंडपाठ असलेली पिढीच पक्षाघाताच्या वयात आहे. संध्याकाळी देवळात टाळ धरून बसलेला, ‘पाणी’ न म्हणता येणारा माणूस अभंग म्हणतो तेव्हा घरच्यांना वाटतं, हा मुद्दाम बोलत नाही. ते मुद्दाम नाही, हे सांगायलाही थेरपिस्ट लागतोच.

घरच्यांवर सगळं सोपवून मोकळं होण्याचा मोह मोठा आहे. आपल्याकडे कुटुंब आहे, मग थेरपिस्ट कशाला? याचं उत्तर भारतातच शोधलं गेलं. लुधियानाच्या डॉ. जयराज पांडियन यांच्या पुढाकाराने ‘अटेंड’ ही चाचणी १४ रुग्णालयांत, १,२५० रुग्णांवर झाली. घरातल्या एकाला रुग्णालयात असतानाच शिकवायचं आणि पुढचा व्यायाम त्यानेच घरी घ्यायचा. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण सारखंच, ४७ टक्के. घरचा माणूस कमी पडला असा याचा अर्थ मी काढत नाही. भातलावणी, गुरं, मुलांच्या शाळा आणि चाकणच्या कारखान्यातली पाळी सांभाळून सासऱ्याचा व्यायाम घेणाऱ्या सुनेला थेरपिस्टची जागा भरायला सांगणं अन्यायाचं आहे, आणि ते उपयोगाचंही नाही, एवढंच हा आकडा सांगतो.

मावळाची म्हणून एक अडचण आहे, ती कुठल्याच परदेशी मार्गदर्शिकेत सापडणार नाही. पक्षाघातानंतरचे पहिले तीन महिने सुधारणेच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचे. जूनमध्ये आजारी पडलेल्या माणसाचे ते तीनही महिने पावसात जातात. अंगण शेवाळलेलं, संडास घराबाहेर, वाट चिखलाची, वडाप येईल तेव्हा. फिजिओथेरपीच्या ओपीडीला आठवड्यातून तीनदा जायचं म्हटलं तर नेणाऱ्याची मजुरी बुडते. लोणावळ्याच्या बंगल्यांतून एकटे राहणारे मुंबईचे निवृत्त वृद्ध पैशाने सुखवस्तू, पण त्यांचीही अवस्था फार वेगळी नाही. सोबत असतो तो बंगला राखणारा नवरा-बायकोचा जोडा. अशा वेळी रुग्णाने पाच जागी जाण्यापेक्षा पाच जणांचं ठरलेलं काम एका माणसाने त्याच्या ओट्यावर नेणं शहाणपणाचं. तो माणूस म्हणजे आशाताई किंवा उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी. आणि खेड्यांत हे काम थोडं नाही. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने, न्यूरोलॉजिस्ट डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या नेतृत्वाखाली ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली तेव्हा पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला, एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के. हा शहरी साहेबी आजार आहे हा समज तिथे संपला. मुंबईच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीतही वर्षाला लाखामागे १४५ नवे रुग्ण आढळले होते, आणि त्यांतले सुमारे ३० टक्के महिन्याभरात दगावले होते. गावागावांत बीपी मोजणारी, मशेरी सोडायला सांगणारी माणसं लागणारच आहेत. त्यांनाच लुळा खांदा कसा धरायचा आणि पेज किती घट्ट हवी हे शिकवलं, तर ते डॉक्टरांचं काम हिसकावणं होणार नाही.

खर्चाचं थोडक्यात. विम्याची घडी रुग्णालयात दाखल असण्याभोवती बसवलेली आहे. घरी चालणाऱ्या महिनोन्महिन्यांच्या थेरपीला तिच्यात जागा मिळणं कठीण. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दिव्यांगतेच्या व्याख्येत पक्षाघाताने जाणारी वाचा स्पष्ट येते आणि दिव्यांगता ४० टक्के किंवा जास्त असेल तर प्रमाणपत्रावर कायद्यातले लाभ मिळतात. हे रुग्णाला सांगायचं काम समाजसेवकाचं, आणि बैठकीत बहुधा त्याचीच खुर्ची रिकामी असते.

तळेगाव, वडगाव, कामशेत आणि लोणावळ्यात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टर आणि थेरपिस्ट मंडळींना म्हणून एक जाहीर विनंती. इमारत नको, निधी नको, उद्घाटनही नको. आठवड्यातला एक ठरलेला तास घ्या, गुरुवारी दुपारचा म्हणा, आणि तालुक्यातल्या पक्षाघाताच्या रुग्णांबद्दल एकमेकांशी बोला. प्रत्यक्ष जमलं नाही तर व्हिडिओ कॉलवर. प्रत्येक रुग्णाला एकच वही द्या, तिच्यात सगळ्यांनी मराठीत लिहा.

आणि ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना: डिस्चार्जच्या दिवशी कागदावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारून, लिहून घ्या. काय आणि कसं गिळायला द्यायचं. लुळा हात आणि खांदा कसा धरायचा. बीपीच्या गोळ्या किती काळ, आणि त्या कधीही स्वतःहून बंद करायच्या नाहीत ना. आणि पुढच्या तीन महिन्यांत व्यायाम, हातकाम, वाचा आणि मन या चारही गोष्टींसाठी नेमका कुणाला फोन करायचा. शेवटच्या प्रश्नाला नाव आणि नंबर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.